स्तन ठेवायचा की काढायचा, आणि काखेचं काय?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान करणारा बायोप्सीचा रिपोर्ट घरी आला की कुणीतरी म्हणतंच, "काढूनच टाका एकदाचं, डोक्याला ताप नको." असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ऑपरेशनला जाणारा नसतो. पण कधी कधी ती बाई स्वतःही तेच म्हणते, आणि तिच्या म्हणण्यामागची भीती खरी असते. सर्जननी "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा" असं सांगून घरी पाठवलंय, अशांसाठी हे लिहितेय. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. ऑपरेशननंतर खांदा आखडला किंवा हात सुजला की बायका माझ्याकडे येतात. माझा कल कुठे आहे ते त्यावरून तुम्हाला कळेलच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आयुष्याचा प्रश्न आधी मिटवू

पूर्ण स्तन काढला तर माणूस जास्त जगतं का? याचं उत्तर आता जुनं झालंय. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत 1,851 बायका होत्या. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचणीत 701. कुणाचं कोणतं ऑपरेशन करायचं हे दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं, आणि 20 वर्षांचे निकाल 2002 मध्ये छापून आले. नुसती गाठ काढून शेक (म्हणजे रेडिएशन) घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक निघाला नाही.

फरक निघाला तो त्याच जागी गाठ परत येण्यात. मिलानमध्ये स्तन राखलेल्यांपैकी 8.8 टक्के बायकांना ती परत आली, काढलेल्यांपैकी 2.3 टक्के बायकांना. म्हणजे काढल्यावरही शून्य नाही, छातीच्या त्वचेत, स्नायूवर ती येऊ शकते. आणि हे आकडे आजच्या गोळ्या-औषधांच्या आधीच्या काळातले आहेत, आता दोन्हीकडचं प्रमाण खाली आलंय. स्वीडनमधल्या 48,986 बायकांच्या नोंदींचा अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात तर स्तन राखून शेक घेतलेल्या थोड्या जास्तच जगल्या. यावर मी फार उड्या मारणार नाही. तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, आणि मुळात धडधाकट बायकांनीच तो पर्याय घेतला असण्याची शक्यता उरते. पण "राखला तर जीव धोक्यात" हे म्हणणं तरी आता सोडून द्यायला हरकत नाही.

एक अट मात्र पक्की. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून शेक न घेतलेल्या 39.2 टक्के बायकांना त्याच स्तनात आजार परत आला, शेक घेतलेल्यांमध्ये 14.3 टक्के. त्यामुळे स्तन राखायचा म्हणजे बहुतेक बायकांच्या बाबतीत ऑपरेशन आणि शेक मिळून एकच उपचार. अर्ध्यावर सोडायचा असेल तर तो निवडू नये.

इथे दूरच्या सुरगाणा-पेठची बाई आणि नाशिक शहरातल्या गंगापूर रोडची बाई यांचं गणित वेगळं होतं. शेक पूर्वी पाच आठवडे चालायचा. आता बऱ्याच जणींचा तीन आठवड्यांत, 15 वेळा देऊन होतो. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने 2020 मध्ये निवडक बायकांसाठी एका आठवड्यात पाच वेळा दिलेला शेकही तितकाच चालतो असं दाखवलं. तुम्हाला कोणता, हे रेडिएशनचे डॉक्टर ठरवतील, पण विचारा नक्की. शेकाची सोय नाशिकमध्येच आहे. पंचवटीत किंवा सिडकोत नातेवाइकांकडे तीन आठवडे राहणं जमणार असेल, तर केवळ "शेकाला कोण जाणार" म्हणून स्तन काढू नका. आणि काढला म्हणजे शेक टळला असंही नाही. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत आजार पसरलेला असेल, तर काढल्यावरही तो सहसा घ्यावा लागतो. शेक टाळायला म्हणून स्तन काढला आणि शेवटी शेकही घ्यावा लागला, अशा बायका मी पाहिल्यात. त्यांचा राग मला पटतो.

राखणं जमत नाही ते कुणाला? स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत आजार विखुरलेला असेल, पूर्ण स्तन लाल होऊन सुजणारा प्रकार असेल, किंवा त्या बाजूच्या छातीला आधी शेक झालेला असेल. घरात अनेक जणींना हा आजार असेल तर जनुकांची तपासणी करून मग ठरवावं. गाठ मोठी असली तर आधी केमो देऊन ती लहान करता येते. अशा वेळी केमोआधी गाठीत धातूची बारीक खूण बसवतात, नाहीतर गाठ विरघळल्यावर कापायचं कुठे हे सर्जनना कळत नाही. राखण्यात आणखी एक कटकट आहे: काढलेल्या तुकड्याच्या कडेला आजार असल्याचं रिपोर्टमध्ये आलं तर दुसऱ्यांदा टेबलवर जावं लागतं. ऑपरेशन चालू असतानाच कडा तपासतात का, हे आधी विचारून ठेवा.

ज्याबद्दल कुणी विचारत नाही

स्तनाबद्दल घरात सगळे बोलतात. काखेतल्या किती गाठी (म्हणजे तिथे मुळातच असलेल्या लसिका ग्रंथी) काढणार, हे कुणी विचारत नाही. आणि पुढची वीस-तीस वर्षं स्वयंपाकघरात, शेतात, स्कूटरवर रोज जाणवतं ते हेच.

पूर्वी काखेतल्या जवळजवळ सगळ्या गाठी काढत. आता काखेत हाताला किंवा सोनोग्राफीत काही लागत नसेल, तर निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ज्या एक-दोन-तीन गाठींकडे स्तनातला द्रव सर्वांत आधी जातो त्याच काढून तपासतात. याला सेंटिनल नोड म्हणतात. मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाने काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्या गाठी काढून तपासण्याची पद्धतही अभ्यासली आहे, त्यात या महागड्या द्रव्यांवाचून भागतं. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा काख पूर्ण साफ केलेल्या बायकांत हाताला कायमची सूज येण्याचं प्रमाण साधारण 20 टक्के निघालं, सेंटिनलच्या बायकांत 5 ते 6 टक्के. माझ्या मते या सगळ्या निवडीतला सर्वांत मोठा फरक हा आहे.

आता दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते बघा. सेंटिनलच्या एक-दोन गाठींत आजार निघाला तर काय? अमेरिकेतल्या झेड-0011 या चाचणीत अशा बायकांपैकी निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची तशीच ठेवली. दहा वर्षांनी काख न साफ केलेल्यांपैकी 86.3 टक्के आणि केलेल्यांपैकी 83.6 टक्के हयात होत्या. साफ करण्याचा फायदा दिसला नाही. पण या चाचणीतल्या सगळ्या बायका स्तन राखून शेक घेणाऱ्या होत्या. स्तन काढलेल्या बायकाही असलेल्या सेनोमॅक चाचणीचे निकाल 2024 मध्ये आले, तेही आश्वासक आहेत, पण त्यात बहुतेकींना काखेच्या भागालाही शेक दिला होता. म्हणजे शेक नको म्हणून स्तन काढायला निघालेली बाई काख वाचवण्याची संधीही गमावू शकते. हा धागा सर्जन घाईत उलगडून सांगत नाहीत.

निफाड-दिंडोरीच्या बायकांसाठी हे जास्त महत्त्वाचं. द्राक्षबागेत विरळणी असो की डिपिंग, हात मांडवाकडे वर करून तासन्‌तास काम. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ऑपरेशन झालं तर त्या हंगामात बाग तुमच्या हातून होणार नाही असं धरून चाला. पण "त्या हातानं आता काहीच उचलायचं नाही" हा जुना सल्ला मात्र बाद झाला आहे. 2009 मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत हात आधीच सुजलेल्या 141 बायका होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांनी देखरेखीखाली हळूहळू वाढत्या वजनांचा व्यायाम केला, आणि त्यांची सूज वाढली नाही. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम सुरू करा. सुजेची पहिली खबर बहुतेक वेळा बांगडीच देते, रोजची बांगडी अडकायला लागली की थांबू नका.

पुन्हा उभारणी: सपाट, सिलिकॉन की पोटाची चरबी

स्तन काढायचंच ठरलं तर तीन वाटा आहेत. यात बरोबर-चूक असं काही नाही, म्हणून मी थोडक्यात सांगते.

काहीच न करणं हाही पूर्ण पर्याय आहे. ऑपरेशन लहान, सावरणं लवकर. ब्रामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा किंवा लोकरीचा कृत्रिम स्तन मिळतो, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना एकदा विश्वासात घेतलं की काम होतं.

सिलिकॉन इम्प्लांटचं ऑपरेशन तुलनेने लहान, पण ते जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागण्याची तयारी ठेवायची. शेक बसणार असेल तर इम्प्लांटभोवती कडक कवच तयार होण्याचं प्रमाण वाढतं. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी (लसिका पेशींच्या कर्करोगाशी) संबंध आढळला, आणि अ‍ॅलरगन कंपनीने 2019 मध्ये तिची बायोसेल इम्प्लांट बाजारातून परत घेतली. कोणतं बसवणार, हे नाव लिहून घ्या.

स्वतःच्या पोटाची चरबी-त्वचा वापरण्याचं ऑपरेशन कित्येक तासांचं असतं, आणि बारीक रक्तवाहिन्या जोडू शकणारा प्लास्टिक सर्जन त्याला हवा. अमेरिका-कॅनडातल्या 11 केंद्रांच्या अभ्यासात दोन वर्षांनी याच बायका स्तनाबद्दल जास्त समाधानी होत्या, पण गुंतागुंतही यातच जास्त. दोन्ही प्रकार मिळून जवळपास एक तृतीयांश बायकांना लहान-मोठी काहीतरी अडचण आली. पाठीचा स्नायू पुढे आणण्याचाही प्रकार आहे. डोक्यावर हात नेऊन काम करणाऱ्या बाईला मी तो घेण्याआधी दोनदा विचार करायला सांगेन. आणि कोणत्याही प्रकारात पहिल्यासारखी संवेदना परत येईल असं धरू नका.

हे आजच ठरवायची सक्ती नाही, उभारणी वर्षभराने, दोन वर्षांनीही होते. पैशांचं म्हणाल तर आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण विमा नियामकाच्या त्याच प्रमाणित कलमात कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद दिला आहे. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था) "कॉस्मेटिक" म्हणून नाकारू लागला तर ते कलम पुढे करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार घेणार असाल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, पॅकेजमध्ये नेमकं काय बसतं.

नाशिक की परळ

एचसीजी मानवता असो, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय असो की टाटा, माझं मत असं: शंका असेल तर सल्ला परळला घ्या, उपचार शक्यतो नाशिकला. केमो झाल्यावर कसाऱ्याचा घाट उतरून-चढून येण्यात काही शौर्य नाही. जाताना फक्त रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, तिथे ते पुन्हा तपासतात. सल्ल्यासाठी आठ-दहा दिवस गेले तर सहसा बिघडत नाही.

टाटाचं एक संशोधन मात्र कुठेही ऑपरेशन करा, विचारण्यासारखं आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने, केमो न घेता थेट ऑपरेशनला आलेल्या 1,583 बायकांपैकी निम्म्यांना कापण्याआधी 7 ते 10 मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं साधं भुलीचं इंजेक्शन दिलं. 2023 मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 90.1 टक्के हयात, बाकीच्यांपैकी 86.4. चाचणी एकच आहे, म्हणून सगळे सर्जन ते देतातच असं नाही. पण औषध स्वस्त आहे आणि विचारायला पैसे पडत नाहीत.

नंतरची वर्षं

दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि रक्तातले मार्कर, की नुसती डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी? घरच्यांना पहिलं बरं वाटतं. इटलीतल्या दोन चाचण्यांत, एकीत 1,320 आणि दुसरीत 1,243 बायका होत्या, तक्रार नसताना केलेल्या जादा तपासण्यांनी आयुष्य वाढलं नाही. हे 1994 मध्येच छापून आलंय. तो पैसा हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षं न चुकता घेण्यावर आणि लेट्रोझोलसारखी गोळी असेल तर हाडांची घनता तपासण्यावर घाला. मॅमोग्राफी स्तन राखला असेल तर दोन्ही बाजूंची, काढला असेल तर उरलेल्या बाजूची. मात्र दोन-तीन आठवडे हटत नसलेली हाडदुखी, कोरडा खोकला, टाक्यांजवळ नवी गाठ किंवा पुरळ असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, फोन करून आधीची वेळ घ्या.