साखर पहिली लिहिणारं अमृत कोकम

फळप्रक्रिया कारखान्याच्या क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे बाटली हातात आली की मी आधी मागची बाजू वाचते. कुडाळजवळच्या एका महिला गृहउद्योगातून मागवलेल्या या अमृत कोकमाच्या मागे चारच घटक आहेत: साखर, रातांब्याची (कोकमाच्या फळाची) सालं, जिरं, मीठ. साखर पहिली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे हा नियमच आहे, पण सिरपवाले पुढच्या बाजूला फळाचं एवढं मोठं चित्र छापतात की मागचा क्रम कोणी बघतच नाही. इथे तो सरळ, वाचता येईल अशा अक्षरात छापलाय. मला हे फार आवडलं.

बाजारातल्या स्वस्त कोकम सिरपवर बहुधा मिसळलेल्या पदार्थांचे आणखी दोन सांकेतिक आकडे सापडतात. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट हे माल टिकवणारं संरक्षक, १२२ म्हणजे कार्मोइसिन हा कृत्रिम लाल रंग. दोन्हींना ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे आणि बेंझोएट म्हणजे विष नव्हे. माझी तक्रार वेगळीच आहे. सिरपात पाणी वाढवलं की साखर वाचते, पण माल टिकत नाही, म्हणून बेंझोएट येतं. पाण्याने रंग फिका पडतो, म्हणून १२२ येतो. खऱ्या अमृत कोकमाला दोन्ही लागत नाहीत. सालीत साखर भरून बरण्या उन्हात ठेवायच्या, सुटलेला रस गाळायचा, पाणी अजिबात नाही. साखरेचं प्रमाण ६८ ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम सिरपात सुमारे ६८ ग्रॅम साखर) आसपास गेलं की तीच संरक्षक. माझ्या जुन्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर, हे ६९ भरलं.

रंगही तपासला. पांढऱ्या बशीत थोडं सिरप पाण्यात मिसळून चिमूटभर खायचा सोडा टाकला. लाल रंग जांभळट झाला आणि मग करडा पडला. कोकमाचा स्वतःचा रंग असाच बदलतो, कार्मोइसिन सोड्याला दाद न देता लालच राहतो.

हा गृहउद्योग चालवणाऱ्या बाईंशी फोनवर बोलले. म्हणाल्या, "ताई, आधी आम्हीपण २११ टाकायचो. मुंबईच्या दुकानदाराला वर्षभर फळीवर टिकायला हवं असायचं. आता गिऱ्हाईकच लेबलाचा फोटो मागवतं, २११ दिसलं की घेत नाही." २०२३ मध्ये पाकिटांवरची लेबलं वाचून दाखवणारे समाजमाध्यमांवरचे रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, तेव्हापासून घराघरांत पाकिटं उलटून वाचली जातायत. बोर्नव्हिटातली साखर पुढे कमी झाली, ती याच रेट्याने असं मला वाटतं. या बायकांवर मात्र रेटा दुसऱ्या टोकाने आलाय. साखर जास्त लागते, ऊन लागतं, आणि रातांबे पिकतात नेमके एप्रिल-मे महिन्यांत. वळवाचा पाऊस आला की बरण्या आत घ्यायच्या. प्लास्टिक सोडून काच घेतली तर वाहतुकीत फुटतूट होते. ७०० मिलीला २६० रुपये मला म्हणूनच रास्त वाटतात.

दोन गोष्टी मात्र त्यांनी बदलायलाच हव्यात. पुढच्या बाजूला "१०० टक्के नैसर्गिक" लिहिलंय. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांच्या २०१८ च्या सरकारी नियमांनुसार 'नैसर्गिक' हा शब्द काहीही न मिसळलेल्या, एकाच पदार्थाला लावता येतो. साखर घातलेल्या सिरपला तो चालत नाही, 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं' एवढंच म्हणता येतं, तेही सगळे घटक त्या व्याख्येत बसले तर. मागची बाजू इतकी स्वच्छ असताना पुढे हा शब्द हवाच कशाला? दुसरं, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि कोरडाच चमचा वापरा, हे कुठेच लिहिलेलं नाही. बेंझोएट नसलेल्या सिरपात ओला चमचा गेला तर वरच्या थरात आंबायला सुरुवात होते आणि झाकण फुगतं. गिऱ्हाईक मग माल खराब म्हणून परत पाठवतं, नुकसान या बायकांचं.

मधुमेह असेल त्यांनी हे घेऊ नये. बेंझोएट नाही म्हणून साखर कमी झालेली नाही. त्यांच्यासाठी याच उद्योगाचं आगळ, म्हणजे साखर न घातलेला कोकमाचा खारट रस, आहे, पण त्यात मीठ भरपूर, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी जपून.

चव आंबट-गोड, जिऱ्याचा वास मागून येतो, घशाला एसेन्सची पकड नाही. एका भागाला पाच भाग गार पाणी पुरतं. माल मोसमात बनतो तेवढाच असतो, नवीन लॉट जूनच्या आधी संपतो असं त्या म्हणाल्या, तेव्हा हवं असेल तर मागणी मेमध्येच नोंदवा.