व्हीसीआर इंजिन टेस्ट रिग: बायोडिझेलचं ज्वलन बघायला कितपत कामाची?

व्हीसीआर म्हणजे व्हेरिएबल कॉम्प्रेशन रेशो, अर्थात सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते बदलता येणारं इंजिन. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये सर्रास दिसणारा हा संच. एक-सिलिंडर, वॉटर-कूल्ड 661 सीसीचं डिझेल इंजिन (बोअर 87.5 मिमी, स्ट्रोक 110 मिमी), 1500 आरपीएमला 3.5 किलोवॅट. सोबत इंजिनवर भार टाकणारा एडी करंट डायनॅमोमीटर, हेडमध्ये सिलिंडरमधला दाब मोजणारा पिझो प्रेशर सेन्सर, क्रँकवर त्याचा कोन मोजणारा एन्कोडर. कॉम्प्रेशन रेशो 12 ते 18, तोही हेड न उघडता: टिल्टिंग ब्लॉकचे सहा ॲलन बोल्ट किंचित सैल करायचे, लॉकनट ढिला करून ॲडजस्टर खुणेपर्यंत फिरवायचा, की पुन्हा आवळायचं. ही सोय झकास आहे. करंज बायोडिझेलची बीएसएफसी (दर युनिट कामाला लागणारं इंधन), कार्यक्षमता आणि हीट बॅलन्स (उष्णता कुठे किती जाते त्याचा हिशेब) एवढंच काढायचं असेल तर पैसे वसूल.

ज्वलनाचं मात्र वेगळं. सोबत येणारा एन्कोडर बहुधा 1 अंशाचा असतो, म्हणजे 1500 आरपीएमला 0.11 मिलिसेकंद. डिझेल आणि बी20 (20 टक्के बायोडिझेलचं मिश्रण) यांच्या इग्निशन डिलेतला, म्हणजे इंधन आत आल्यापासून पेटेपर्यंतच्या वेळेतला, फरकच मुळी अंशभराचा. तो यावर मोजणं म्हणजे वखारीच्या काट्यावर सोनं तोलणं. ऑर्डर देतानाच 0.2 अंशाचा एन्कोडर आणि त्याला पुरेल असं डेटा कार्ड मागून घ्या.

टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असतानाची खूण, बसवताना घाई नको. 1 अंश चुकला तर आयएमईपी (दाबाच्या आलेखावरून काढलेला सरासरी दाब) दहा टक्क्यांपर्यंत हलू शकतो. इंधन न जाळता फिरणाऱ्या इंजिनाच्या दाबाच्या शिखरावरून टीडीसी ठरवतात. पण एडी करंट डायनॅमोमीटर इंजिन फिरवू शकत नाही, त्यामुळे इंधन तोडून इंजिन थांबेपर्यंत मिळतील तेवढ्याच सायकलवर काम भागवावं लागतं. अशा सायकलमध्ये दाबाचं शिखर टीडीसीच्या किंचित आधी येतं, अगदी टीडीसीवर नाही, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक खोच. इंधन नळीवरचा सेन्सर नळीतला दाब दाखवतो, इंजेक्टरची नीडल (सुई) कधी उचलली ते नाही. बायोडिझेल कमी दाबलं जातं, म्हणून यांत्रिक पंपावर दाबाची लाट लवकर पोचते आणि इंजेक्शन आपोआप आधी सुरू होतं. ज्वलन लवकर झालं म्हणून सगळं श्रेय सीटेन नंबरला (इंधन किती चटकन पेटतं त्याचा आकडा) देणारे प्रोजेक्ट रिपोर्ट ढिगाने आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये घनता आणि उष्मांक डिझेलचेच राहिले, तर शुद्ध बायोडिझेलची कार्यक्षमता खऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी दिसते. बायोडिझेलसाठी साधारण 880 किलो प्रति घनमीटर आणि 37.5 मेगाज्यूल प्रति किलो धरा. आपल्या नमुन्याचे आकडे तपासून घेतलेले असतील तर उत्तमच.

इंधन बदललं की फिल्टर रिकामा करून पंधरा मिनिटं इंजिन चालवा, मगच रीडिंग. रबरी नळ्या काही महिन्यांत फुगतात, व्हायटॉनच्या घाला. आणि बायोडिझेल न बनवता कच्चं वनस्पती तेल थेट जाळू नका: सेन्सरच्या पडद्यावर काजळी बसते, आलेख सरकू लागतो, आणि दोष नाहक ॲम्प्लिफायरच्या माथी येतो.