पुण्यात घेतलेला लॅपटॉप थाई टायपिंगला कसा चालतो?

पुण्यात शिकायला आलेला थाई विद्यार्थी लॅपटॉप घ्यायला निघाला की आधी थाई अक्षरं छापलेला कीबोर्ड शोधतो. तो शोध सोडून द्यावा. इथल्या दुकानांत तसा कीबोर्ड सहसा नसतो, आणि त्याची गरजही नाही. भारतात विकले जाणारे बहुतेक विंडोज लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे असतात आणि थाईची केडमनी मांडणी (कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, याची थायलंडमधली रूढ पद्धत) त्याच 47 बटणांवर बसते. थाईसाठी इथला साधा लॅपटॉप आम्ही बेलाशक सुचवतो.

मात्र बाहेरून आणलेला जुना माल घेताना एंटरचं बटण बघा. ते उभं, दोन ओळींचं असेल तर डावीकडची शिफ्टही छोटी असते. खरा त्रास त्या शिफ्टचा. थाईत 44 व्यंजनं, शिवाय स्वर आणि सुरांच्या खुणा. निम्मी चिन्हं शिफ्ट दाबूनच येतात. एंटरजवळची बॅकस्लॅशची जागा बदलते त्याने फारसं बिघडत नाही, कारण त्या बटणावर वापरातून गेलेली दोन व्यंजनं आहेत.

दुसरी गोष्ट, उजवीकडचा आकड्यांचा संच. केडमनीत वरची आकड्यांची ओळ अक्षरांनी भरलेली असते: 4 वर, 5 वर, 8 वर व्यंजनं. थाई आकडे शिफ्टने येतात, तेही सरकून: ‘एक’ 2 च्या बटणावर, ‘शून्य’ क्यूवर. साधा 1, 2, 3 लिहायला दर वेळी इंग्रजीत जावं लागतं. आकड्यांच्या संचावर मात्र थाई चालू असतानाही साधे आकडेच येतात. कॉमर्स किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने 14 इंचीचा मोह टाळून संच असलेला 15.6 इंची घ्यावा.

स्वस्त मॉडेलवर बऱ्याचदा विंडोज होम सिंगल लँग्वेज असतं. त्यात मेनू थाईत करता येत नाहीत, पण थाई टाइप करता येतं. दुकानदार ‘थाई चालणार नाही’ म्हणाला तर ते चूक आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज इथून थाई घ्या. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबा. थायलंडमध्ये 1 च्या डावीकडच्या बटणाने भाषा बदलायची सवय असते. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमधल्या इनपुट लँग्वेज हॉट कीजमध्ये ‘ग्रेव्ह ॲक्सेंट’ निवडलं की तेही जमतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने हे करू नये, बॅकटिकचं (`) चिन्ह अडतं.

जुन्या फाइली उघडल्यावर ओळी सरकलेल्या दिसतात त्या फॉन्टमुळे. अंगसाना न्यू, कॉर्डिया न्यू हे फॉन्ट विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समधल्या ‘थाई सप्लिमेंटल फॉन्ट्स’मध्ये मिळतात. थाई सरकारी कागदांना लागणारा टीएच साराबुन मात्र वेगळा टाकावा लागतो. तो 16 पॉइंटला वापरतात. रोमन अक्षरांच्या सवयीने 12 ठेवला तर वाचवत नाही.

अक्षरं दिसायलाच हवी असतील तर पारदर्शक स्टिकर लावा. काळ्या पार्श्वभूमीचे बटणांखालचा प्रकाश अडवतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बटणं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर रोज बोटांखाली येणाऱ्या मधल्या ओळीचे स्टिकर सर्वांत आधी सुटतात. सुट्टीत घरी जाणार असाल तर थांबा: बँकॉकच्या संगणक बाजारात बटणांवर अक्षरं कायमची उमटवून देतात. सिलिकॉनचं कव्हर नको, झाकण मिटताना ते पडद्याला टेकतं.

चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असलं की तो थायलंडमध्येही चालतो. आपली तीन जाड गोल पिनांची वायर मात्र तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. ती वायर चार्जरच्या ठोकळ्यापासून सुटी होत असेल तर तेवढीच तिथे विकत घ्या. वॉरंटी थायलंडमध्ये लागू आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून पैसे देण्याआधीच बघा, आणि बिलावर तोच नंबर लिहून घ्या.