गूल्डचे ‘गोल्डबर्ग’ : १९५५ की १९८१?

बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे (आरिया ही मूळ धून आणि तिची तीस बदलती रूपे, म्हणजेच व्हेरिएशन्स) पियानोवादक ग्लेन गूल्डने केलेल्या दोन ध्वनिमुद्रणांपैकी कोणते घ्यावे, असा पेच एका स्नेह्यांना पडला आहे. दोन्ही न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओतली आहेत. पहिले १९५५ चे, तो बावीस वर्षांचा असतानाचे, तर दुसरे १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात त्याचे निधन झाले.

पहिले सुमारे ३८ मिनिटांत संपते, तर दुसऱ्याला ५१ मिनिटे लागतात, कारण आरंभीची आरिया फारच संथ आहे आणि काही भाग पुन्हा वाजवले आहेत. पण पहिले द्रुत आणि दुसरे विलंबित, ही सरसकट समजूत टिकत नाही : सर्वांत विषण्ण असे पंचविसावे व्हेरिएशन १९५५ मध्येच किंचित अधिक रेंगाळते.

ध्वनीच्या बाबतीत १९५५ चे मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचे) आणि १९८१ चे डिजिटल यांची बरोबरी होऊच शकत नाही. वाजवताना गुणगुणण्याची त्याची सवय दोन्हींत ऐकू येते; मला ती खुपत नाही.

बोटांची चपळाई आणि तरुण उन्मेष हवा असेल त्यांनी १९५५ चे घ्यावे. एका व्हेरिएशनची लय पुढच्यात कशी मिसळते हे निवांत, हेडफोन लावून ऐकायचे असेल, तर १९८१ चेच.