डावखुऱ्या लेकीसाठी एअर रायफलचा दस्ता घरी बनवला, आठ महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

माझी लेक नववीला आहे आणि पक्की डावखुरी आहे. एनसीसीच्या कॅम्पला पहिल्यांदा रायफल हातात घेतली तेव्हापासून तिला नेमबाजीचं वेड लागलंय, आणि तेव्हापासूनच सगळे तिला एकच सांगायलेत की उजव्या खांद्याला लाव. घरात आजी पण तेच म्हणायची, जेवताना म्हणायची तसंच. पण डावखुरेपणा फक्त हाताचा नसतो, डोळ्याचा पण असतो. दोन्ही हात पुढं करून पंजांच्या मधे छोटं भोक ठेवायचं, त्यातून लांबचं विजेचं खांब बघायचं आणि एकेक डोळा झाकायचा, ज्या डोळ्याने खांब दिसत राहतो तो डोळा खरा नेम धरणारा. तिचा डावाच निघाला, चारदा बघितलं तरी डावाच. मग उजव्या खांद्याला लावून ते लेकरू मान किती वाकडी करणार?

रायफल आम्ही त्याच्या आधीच घेतली होती. .१७७ ची, म्हणजे ४.५ मिलीमीटर, स्प्रिंगवर चालणारी, नळी बिजागरीसारखी खाली मोडून छर्रा भरायचा तसली देशी बनावटीची. साडेनऊ हजाराला पडली, दुकानदाराने आधारकार्डची झेरॉक्स ठेवून घेतली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलीमीटरपर्यंतची आणि छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल लायसनशिवाय ठेवता येते, म्हणून ही घेतली. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण मला विचारणारे बरेच भेटतात. मी फक्त लाकूडकाम केलंय, दस्ता, गालाची पट्टी, मूठ, खांद्याला टेकणारी मागची प्लेट आणि नेम धरायची साईट. स्प्रिंग, वॉशर, नळी, ट्रिगर कशाला हात लावला नाही आणि लावणारही नाही. पॉवर वाढवून २० ज्यूलच्या वर गेलात की ते बेकायदेशीर हत्यार झालं, आणि काडतुसाची बंदूक घरी करणं तर सरळ गुन्हा आहे. शिवाय १० मीटरवर कागदाला भोक पाडायला ताकद लागतच नाही, बरोबर बसणारा दस्ता लागतो. आठ महिन्यांत हीच एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली.

तयार दस्त्याची अडचण काय होती ते सांगतो. गाल टेकवायचा उंचवटा डाव्या बाजूला असतो, उजव्या माणसासाठी. डावखुऱ्याचा गाल येतो उजव्या बाजूला आणि तिथं नुसती सपाट पट्टी. दुसरं म्हणजे लांबी. ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत साडेछत्तीस सेंटीमीटर, मोठ्या माणसाच्या मापाचं. लेकीला ते खांद्याला लावायचं म्हणलं की मागं झुकावं लागायचं, कंबर दुखायची, पाच मिनिटात हात थरथरायचा. चौकशी केली तर डावखुऱ्यांची मॅचची रायफल मिळते, पण किंमत लाखाच्या पुढं आणि ती पण बाहेरून मागवायची. आपलं ट्रॅक्टर स्पेअर पार्टचं दुकान, तेवढं झेपणारं नव्हतं. एक बरं होतं, नळी मोडून भरायच्या रायफलला डावं उजवं काही नसतं, बोल्ट नाही का खटका एका बाजूला नाही. म्हणजे बदलायचा तो फक्त दस्ता.

लाकूड आमच्याकडं घरचंच निघालं. आमचं गाव औशाजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आजोबांचं माळवदाचं घर होतं, दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं छत. घर पूर्ण पडलं नव्हतं पण पार चिरलं होतं, त्याच वर्षी आजोबांनी माळवद उतरवलं, परत तसल्या छताखाली लेकरं झोपवायची नाहीत म्हणून. त्यातल्या सागवानी तुळया गोठ्यात आडव्या पडून होत्या. तीस वर्ष वाळलेलं सागवान, असलं लाकूड आज पैसे देऊन मिळत नाही. गावातल्या सुतारमामांना दाखवलं, त्यांनी नखाने कोपरा खरवडून वास घेतला आणि म्हणले, "आरं बाबा, हे सोनं हाय, पण ह्याच्या पोटात खिळे असतेत बघ." आणि तसंच झालं, मशीनवर चिरताना आतला जुना लोखंडी खिळा लागून पातं गेलं. ते पातं मीच भरून दिलं. त्यानंतर स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून अख्ख्या तुळईवरून फिरवलं, जिथं ओढ लागली तिथं खडूने खूण केली, मग चिरलं. जुनं लाकूड वापरणार असाल तर हे आधी करा.

पहिला दस्ता वाया गेला. मला मॅचच्या रायफलीसारखी उभी मूठ पाहिजे होती आणि मी ती एकाच फळीतून कोरायला लावली. मामा नको म्हणत होते. मुठीपाशी लाकडाचे रेषे आडवे आले, लेक एकदा रायफल भिंतीला टेकवायला गेली, घसरली आणि मुठीतून कट्टकन तुकडा पडला. रेषे मुठीच्या लांबीने गेले पाहिजेत, आडवे गेले की ती जागा बिस्किटासारखी. दुसऱ्या वेळी मूठ वेगळ्या तुकड्याची केली, रेषे उभे ठेवून, आत लाकडी खुंटी घालून इपॉक्सीने चिकटवली. ती आजपर्यंत हललेली नाही.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते रायफलचा लोखंडी भाग लाकडात बसवायला. वरवर बघून ते बसल्यासारखं वाटतं, पण आत दोनच ठिकाणी टेकलेलं असतं. मामांनी जी पद्धत सांगितली ती अशी, काजळ थोड्या तेलात कालवायचं, लोखंडाच्या खालच्या बाजूला बोटाने पातळ लावायचं, भाग लाकडात दाबून बसवायचा आणि उचलायचा. लाकडाला जिथं काळं लागलं तेवढंच पटाशीने कागदाइतकं खरवडायचं. परत काजळ, परत दाबायचं, परत खरवडायचं. आम्ही दोघं बापलेक रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर हेच करायचो, नऊ दिवस. पहिल्या दिवशी दोन काळे ठिपके यायचे, शेवटच्या दिवशी अख्खी खाच एकसारखी काळी झाली, तेव्हा लेक जी ओरडली ती शेजारचे बघायला आले. पुढच्या बाजूला नळी मोडताना दांडी खालून सरकते, तिच्यासाठी लांब फट लागते, ती आम्ही आधी अगदीच अरुंद ठेवली होती, दांडी लाकडाला घासायची आणि भुसा निघायचा. कानशीने दोन्हीकडून दीड दीड मिलीमीटर वाढवली तेव्हा सुटली.

स्क्रू नुसत्या लाकडात आवळले की हळूहळू लाकूड दबतं आणि ते परत सैल होतात. म्हणून तीन्ही स्क्रूंसाठी लेथवाल्याकडून पितळी बुश, म्हणजे स्क्रूभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, करून घेतले, तीनशे रुपयात. तरी पण स्प्रिंगच्या रायफलीचा झटका पुढं मागं दोन्हीकडं बसतो, दोनशेक छर्ऱ्यांनंतर स्क्रू ढिला होतोच. आता स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं निळं थ्रेडलॉकर लावलंय आणि स्क्रूच्या डोक्यापासून लाकडापर्यंत लेकीच्या नेलपॉलिशची एक रेघ मारलीय. रेघ तुटलेली दिसली की समजायचं स्क्रू फिरला. नेम अचानक पसरायला लागला की आधी ती रेघ बघायची, पोरीला नंतर बोलायचं, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

पॉलिशचा किस्सा जरा सविस्तर लिहितो कारण त्यात धोका आहे. दस्त्याला जवसाचं तेल देतात एवढं माहीत होतं, आणि जवस आपल्याकडं घरचंच, म्हणून घाण्यावरून ताजं तेल आणून चोपडलं. बारा दिवस झाले तरी चिकटच, वर सगळी धूळ बसली. कच्चं जवसाचं तेल वाळायला फार वेळ घेतं. मग टर्पेंटाइनने पुसून काढलं आणि रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड आणलं, ते एकदम पातळ हात देऊन पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. असे पाच हात दिले. पण मे महिना, पत्र्याच्या शेडमधे काम, बाहेर ४३ डिग्री, आणि मी पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकून दुकानात गेलो. संध्याकाळी आईला जळकट वास आला, बघते तर चिंध्यांच्या गोळ्यातून धूर निघायलाय, काडी नाही विडी नाही. आईने बादली ओतली म्हणून निभावलं, बाजूलाच कडबा होता. नंतर कळलं की हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चिंध्या गोळा करून ठेवल्या की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि आपोआप पेट घेते. चिंध्या एकेक पसरून उघड्यावर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका. शेतकऱ्याच्या घरात तर हे विसरूच नका.

आता मापं. ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत साडेएकतीस सेंटीमीटर ठेवलं. हाताचा कोपरा वाकवून दस्त्याचं टोक त्या खोबणीत टेकवायचं, बोट ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे, एवढी साधी तपासणी. गालाची पट्टी उजव्या बाजूला सव्वादोन सेंटीमीटर वर घेतली, खाली दोन स्क्रूवर वर खाली होते. खालून आधाराच्या हातासाठी एक लाकडी ठोकळा लावला, म्हणजे उभं राहून तिचा उजवा कोपरा कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलचं वजन दंडावर न येता हाडावर येतं. वजन २.९ किलो होतं ते ३.६ झालं. मला भीती होती की जड होईल, पण उलट स्थिर झाली. मॅचला साडेपाच किलोपर्यंत चालते.

दुर्बीण लावली नाही, १० मीटर एअर रायफलच्या मॅचमधे दुर्बीण चालतच नाही. मागं भोकाची पीप साईट आणि पुढं नळीच्या टोकावरच्या माशीच्या (नेमाच्या खुंटीच्या) जागी गोल रिंग, वरच्या ११ मिलीमीटरच्या खाचेवर बसते, अडीच हजार गेले. कागदावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलीमीटरचं असतं, ते रिंगच्या बरोबर मधे दिसलं पाहिजे. आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा, पेन्सिलच्या टोकाएवढा. तो डोळ्याला दिसत पण नाही, सगळा खेळ त्या पांढऱ्या कडीचा. २००८ ला बीजिंगमधे अभिनव बिंद्राने ह्याच प्रकारात सुवर्ण घेतलं, ते मी टीव्हीवर बघितलं होतं, पण अर्धा मिलीमीटर म्हणजे काय हे मला आमच्या गच्चीवर टार्गेट चिकटवताना समजलं.

रेंज गच्चीवरच आहे. बरोबर १० मीटर मोजून घेतलं, कागदाचा मधला ठिपका जमिनीपासून १.४ मीटरवर. मागं पंधरा किलोच्या तेलाचा डबा, आत चिंध्या गच्च भरलेल्या (तेलाच्या नव्हे), त्याच्या मागं लोखंडी पत्रा आणि पत्र्याच्या मागं जिन्याची भिंत. उघड्या लाकडाच्या फळीवर मारू नका, छर्रा उलटा येतो, माझ्या पायाजवळ आलेला आहे. चष्मा दोघांनी घालायचा, जिन्याचं दार कडी लावून, आणि छर्रे शिशाचे असतात म्हणून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. नळी मोडून छर्रा घालताना नळी हाताने धरून ठेवायची, सुटली तर बोट जातं, म्हणून हे काम अजून मीच करतो. पाखरांवर मारायची नाही हा नियम पहिल्या दिवसापासून आहे, गल्लीतल्या पोरांनी खूप आग्रह केला तरी नाही.

आता आठ महिन्यांचा हिशोब. जुन्या दस्त्यावर तिचे दहा छर्ऱ्यांचे शंभरपैकी ७० च्या आसपास यायचे. जूनमधे नव्या दस्त्यावर पहिल्याच आठवड्यात ७९ आले. रायफल तीच, छर्रे तेच, पोरगी पण तीच. पहिल्यांदा गाल टेकवला तेव्हा ती काही बोललीच नाही, बराच वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "पप्पा, मला काहीच करावं लागंना झालंय, डोळा आपोआप भोकात येतोय." त्या एका वाक्यात माझे तीन महिने वसूल झाले.

पावसाळ्यात मात्र त्रास झाला. तीस वर्ष वाळलेलं सागवान असूनही ऑगस्टच्या झडीत थोडं फुगलं, नेम चार पाच मिलीमीटर डावीकडं सरकला. साईट फिरवून भागलं, पण डिसेंबरच्या कोरड्या थंडीत परत उलटं सरकला. कारण आतल्या खाचेला मी तेल एकच हात दिलं होतं, बाहेर पाच. नव्याने करणाऱ्याने आतून पण तेवढेच हात द्यावेत. जानेवारीत मी सगळं सोडून आतून तीन हात दिलेत, पुढच्या पावसाळ्यात कळंल. मुठीचा आकार पण मी अंदाजाने केला, अंगठ्यापाशी जास्त जाड राहिला, दोनदा घासला तरी तिला अजून पटत नाही. पुढच्या वेळी आधी मातीची मूठ करून तिच्या हाताचा ठसा घेणार आणि त्यावरून कोरणार.

सध्या ८४ ते ८८ मधे येतेय. मॅच ६० छर्ऱ्यांची असते, ७५ मिनिटात, आणि स्प्रिंगच्या रायफलीवर तेवढं दमाने मारणं मोठ्या माणसाला पण अवघड आहे, तिचे चाळीसनंतर आकडे पडतात. पुढं खेळायचंच ठरलं तर हवेच्या सिलिंडरवाली रायफल लागेल, हे मला दिसतंय. २०२४ ला पॅरिसमधे स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हापासून लेक म्हणते की गावाकडून पण होतं. होतंच की. पण तोपर्यंत उभं राहायची सवय, श्वास, ट्रिगरवरचं बोट हे सगळं ह्याच रायफलवर घडणार आहे, आणि तेही डाव्या खांद्याला.

आजी आता उजव्या हाताचं म्हणत नाही, टार्गेटच्या कागदावरचे गुण मोजायला गच्चीवर येऊन बसते.

मागच्या प्लेटखाली घालायला प्लायच्या सहा मिलीमीटरच्या चार चकत्या कापून ठेवल्यात, पोरगी वाढतेय म्हणून. पहिली सप्टेंबरमधे घातली, दुसरी गेल्या रविवारी. तिसरी शाळेला सुट्टी लागेपर्यंत लागंल असं दिसतंय.