स्केचिंगची पुस्तकं: कुठलं टेबलावर टिकलं, कुठलं कपाटात गेलं

‘स्केचिंग शिकायचंय, कुठलं पुस्तक घेऊ?’ असं विचारलं की तीच पाच-सहा नावं हमखास पुढे येतात. त्यातली बहुतेक मी गेले कित्येक महिने वापरतोय, नुसती चाळून नव्हे तर पेन्सिल हातात घेऊन, त्यातले सराव करत. माझं मत आधीच सांगून टाकतो. या पुस्तकांत दोन जाती आहेत. काही बघायला शिकवतात, काही आकार रचायला. सुरुवात बघण्यापासून करावी आणि दोन्हींची एकदम खिचडी करू नये.

बघायला शिकवणाऱ्यांत पहिला मान बेट्टी एडवर्ड्स यांच्या ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ला. पुस्तक 1979 चं, माझ्याकडे 2012 ची चौथी आवृत्ती आहे. यातला सगळ्यांत गाजलेला सराव म्हणजे पिकासोनं काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करायची. खुर्चीत बसलेला माणूस, हात एकमेकांत गुंतवलेले, कोटाच्या सुरकुत्या. सुलटं बघून काढायला बसलं की डोकं मध्ये मध्ये बोलत राहतं: हा हात, ही बोटं, बोटं पाच असतात. उलटं ठेवल्यावर बोटं बोटं राहतच नाहीत. ही रेषा इथून निघाली, कागदाच्या कडेपासून इतकी लांब, त्या दुसऱ्या रेषेला अमुक कोनात मिळाली, एवढंच उरतं. पूर्ण झाल्यावर कागद फिरवला की समोर आलेली बोटं आपणच काढलीत यावर विश्वास बसत नाही. वस्तूऐवजी तिच्या आजूबाजूची मोकळी जागा काढायचा धडाही तितकाच चोख आहे. खुर्चीचे पाय काढू नका, पायांच्या मधली जागा काढा. पाय आपोआप जागेवर येतात.

आता तक्रार. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांवरची पानं खुशाल ओलांडा. त्या पानांना मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनाचा आधार आहे, स्पेरींना 1981 मध्ये नोबेलही मिळालं, पण चित्रकला उजवीकडे आणि भाषा डावीकडे अशी सरळसोट वाटणी मेंदूत नसते. सराव मात्र त्या सिद्धांतावाचूनही पुरेपूर काम करतात.

बर्ट डॉडसन यांचं ‘कीज टू ड्रॉइंग’ (1985) हे माझ्या मते सगळ्यांत वापरायला सोपं. 55 सूत्रं आहेत, भाषा साधी आहे, कुठूनही उघडा. यातली एक गोष्ट हातात कायमची बसली: रेषा चुकली तर खोडायची नाही, तिच्या शेजारी दुसरी, जास्त बरोबर रेषा ओढायची. पहिली तशीच राहू द्यायची. कारण ती दिसत असते म्हणून तर दुसरी कुठे हवी ते कळतं. खोडली की पुन्हा त्याच जागी तीच चूक होते. स्केचबुकची पानं जरा गबाळी दिसतात, पण जिवंत वाटतात.

किमॉन निकोलाइडीस यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे लेखकाच्या मृत्यूनंतर, 1941 मध्ये आलं. फार मोठं पुस्तक, पण ते शब्दशः पाळायचं तर तीन-तीन तासांच्या बैठका आणि समोर मॉडेल हवं. नोकरी सांभाळून ते जमणं कठीण. मी त्यातले दोनच सराव उचलले: कागदाकडे न बघता, पेन्सिलचं टोक त्या वस्तूलाच टेकलंय असं समजून सावकाश बाह्यरेषा काढणं, आणि मिनिटाभरात माणसाची हालचाल पकडणं. दुसऱ्यात माणूस दिसतो कसा हे काढायचं नसतं, तो करतोय काय हे काढायचं असतं. वाकलाय, ओढतोय, टेकलाय. तेवढ्यासाठीही पुस्तक ठेवण्याजोगं आहे.

रचना शिकवणाऱ्यांत अँड्र्यू लूमिस. ‘फन विथ अ पेन्सिल’ (1939) गमतीदार चेहऱ्यांपासून सुरू होतं आणि आधी चेंडूसारखा गोल काढून त्यावर डोकं उभं करायची पद्धत शिकवतं. ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ (1943) त्याच्या पुढचं. आकृत्या देखण्या आहेत, पण सगळी माणसं जुन्या जाहिरातींतून उतरल्यासारखी उंच आणि गुळगुळीत. आणि खिचडी नको म्हटलं ते इथेच: एडवर्ड्स म्हणतात चेहरा आहे हे विसरा, लूमिस म्हणतात आधी कवटी समजून घ्या. दोघंही खरं सांगतात, पण एकाच कागदावर दोघांचं ऐकायला गेलं की हात अडतो. बघण्याचा सराव अंगवळणी पडल्यावर लूमिसकडे गेलो आणि ते पुस्तक भराभर सुटत गेलं.

पर्स्पेक्टिव्हसाठी, म्हणजे जवळ-लांबचा भास सपाट कागदावर उतरवण्यासाठी, अर्नेस्ट नॉर्लिंग यांचं ‘पर्स्पेक्टिव्ह मेड ईझी’ (1939) पुरतं. नजरेची पातळी म्हणजेच क्षितिजरेषा, हे एकदा पक्कं झालं की बाकीचं त्याच्यामागून येतं. समोरच्या पेल्याचंच बघा: काठ नजरेच्या जवळ असतो म्हणून चपटा दिसतो, तळ खाली असतो म्हणून जास्त गोल. बहुतेक जण नेमकं उलट काढतात, तळाला सरळ रेघ मारून मोकळे होतात आणि पेला हवेत तरंगतो.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांचं 1857 चं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ प्रताधिकारमुक्त असल्यानं इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जडजंबाळ आहे. पहिलाच सराव असा, की पेनानं एक छोटा चौकोन रेघांनी इतका एकसारखा भरायचा की कुठे डाग वा फट दिसू नये. कंटाळवाणा आहे खरा, पण शेडिंगला हात जड असेल तर यासारखा दुसरा उपाय मला सापडला नाही. पुढे रस्किन रस्त्यावरचा साधा गोल दगड उचलून त्याचं चित्र काढायला सांगतात, तोही सराव जरूर करा.

सुरुवातीला दोनच घ्यायची असतील तर डॉडसन आणि एडवर्ड्स घ्या. डॉडसन स्क्रीनवर चालेल, एडवर्ड्स मात्र छापीलच हवं. टॅब्लेटवर ते उलटं चित्र काढायला बसलात तर आधी ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर तुम्ही टॅब्लेट फिरवाल आणि तो स्त्राविन्स्कीला पुन्हा सरळ बसवेल.