जास्तीची एक रात्र हॅवलॉकला की नीलला?

अंदमानचं बुकिंग करताना बहुतेक जण एकाच जागी अडकतात. हॅवलॉक आणि नील दोन्ही करायचंच असतं आणि हातात रात्री असतात तीन. पॅकेजवाले डोळे झाकून दोन हॅवलॉकला टाकतात, एक नीलला. (२०१८ च्या डिसेंबरपासून त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली आहेत. तिकिटावर ती दिसली तर गोंधळू नका, बोलण्यात अजून जुनीच चालतात.) आम्ही दोघांनी पहिल्या खेपेला पॅकेजवाल्याचं ऐकलं. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा गणित उलटं केलं. त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याबद्दल वादच नाही. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला, पण तो मिळाला नसता तरी काही बिघडलं नसतं. वाळूपर्यंत उतरलेलं जंगल, लांबच लांब किनारा, आत बऱ्याच अंतरापर्यंत कंबरभर पाणी. एकच लक्षात ठेवा, घड्याळ आपलं असलं तरी बेटं पार पूर्वेला, ९३ अंश रेखांशावर आहेत. डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. ‘चहा घेऊन निघू’ म्हणालात की संपलं, जेट्टीकडून राधानगर दहाएक किलोमीटर आहे.

स्कूबा डायव्हिंगचा विचार पक्का असेल तर हॅवलॉकच. सर्टिफिकेट नसलेल्यांनाही प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात. नीललाही डायव्हिंग होतं, पण हॅवलॉकला निवड मोठी. अमावास्येच्या आसपास जात असाल तर रात्रीचं कयाकिंगही तिथेच करा. वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. फोटोत काही येत नाही, म्हणूनही असेल, पण हॅवलॉकमधली ती एक रात्र आम्हाला सगळ्यात जास्त आठवते.

आता हॅवलॉकचाच एलिफंट बीच. माझं मत तिथेच फिरलं.

सकाळी जेट्टीवर रांग, मग बोट, मग किनाऱ्यावर पुन्हा रांग. स्नॉर्केलिंगला प्रत्येक तरंगत्या रिंगमागे एक गाइड. आमचा गाइड तसा सज्जन माणूस होता, पण त्याच्या हातात कॅमेरा होता आणि त्याला आमचा व्हिडिओ पुरा करायचा होता. ‘सर, अंगठा दाखवा. मॅडमकडे बघा. दोघं मिळून हार्ट करा.’ तोंडात नळी, मास्कमध्ये पाणी शिरतंय आणि मी हार्ट करतोय. तेवढ्यात हिने जोरात माझा दंड दाबला. खाली हातभर लांब, हिरवा-गुलाबी पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता म्हणे. मी मान वळवेपर्यंत गाइडने रिंग पुढे ओढली होती, कारण मागचं जोडपं हार्टसाठी थांबलेलं. वीस मिनिटांत पाण्याबाहेर. पुढचा तासभर व्हिडिओ फोनवर घेण्यात गेला.

यात कोणाची चूक आहे असं नाही. गर्दी म्हटली की हे आलंच. जंगलातून चालतही तिथे जाता येतं, अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे, पाऊस पडून गेला असेल तर भरपूर चिखल. ती वाट मला आवडली. पण पोचायचं शेवटी त्याच रांगेत.

नीलला हे अजिबात नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी आहेत, जेट-स्की आहेत, आरडाओरडा आहे. पण बेटच एवढंसं की स्कूटर घेतली, अगदी सायकल घेतली तरी, थोड्याच वेळात दुसरीकडे. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला, मधल्या वेळात भाताची शेतं आणि केळी. खाण्यापिण्याची निवड कमी, रोख पैसे जवळ ठेवलेले बरे, आणि ज्यांना सतत काहीतरी करायला लागतं त्यांना दुसऱ्या दुपारी कंटाळा येईल हेही मान्य.

नीलला वेळापत्रक असतं ते ओहोटीचं. दगडी कमान, म्हणजे तिथला ‘नॅचरल ब्रिज’, भरतीत गाठताच येत नाही. आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. एकच रात्र असेल तर ओहोटी तुमच्या बोटीच्या वेळेशी जुळेलच असं नाही, पहिल्या खेपेला आमची नाहीच जुळली. ‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ’ हा कोकणातला आडाखा इथे लावायला जाऊ नका, हॉटेलात वेळ विचारा.

दुसऱ्या खेपेला दोन ओहोट्या मिळाल्या. कमानीपाशी पोचल्यावर फोटो काढून माणसं परततात, आम्ही तिथून पुढे तसेच खडकांवरून गेलो. पायात पकड असलेले फ्लोटर हवेत, प्रवाळावर पाय पडू द्यायचा नाही. गुडघाभर पाण्याच्या एका डबक्यात दगडात रुतलेला मोठा शिंपला होता, ओठ निळे-जांभळे, मखमली. सावली पडली की मिटायचा. हिने हात फिरवून दोनदा सावली पाडली, दोनदा मिटला. तिसऱ्यांदा त्याने दुर्लक्ष केलं. तिथे तास गेला असेल. कोणी हार्ट करायला सांगितलं नाही. (तिथले शंख किंवा प्रवाळ उचलून आणायच्या भानगडीत मात्र पडू नका, कायद्यात अडकाल.)

तेव्हा स्कूबाच मुख्य असेल किंवा चार-पाच जणांचा ग्रुप असेल, तर दोन रात्री हॅवलॉकला देण्यात चूक नाही. दोघंच जात असाल तर एक हॅवलॉक, दोन नील करून बघा. क्रमही तोच ठेवा. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त केल्या तर १८ तास सोडायला सांगतात. ते तास नीलला आपोआप निघून जातात. फक्त सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.